धूर आत गेला

घोट्यांना वारा लागला. तसा तो फार नव्हता, दुसऱ्या कुणाला कळलाही नसता. पण अंगात निळा गाऊन, डोक्यावर कागदी टोपी, पायात दोन मापं मोठ्या रबरी सपाता, अशा ध्यानात बाकावर बसवून ठेवलेल्या माणसाला आपल्या पायांकडे लक्ष द्यायला वेळच वेळ असतो. त्यातून या माणसानं तर सगळी उमर वारा कुठून कुठे जातो हे बघण्यात घालवलेली. वारा पाठीमागच्या कॉरिडॉरकडून येत होता आणि समोर ऑपरेशन थिएटरच्या बंद दाराखालच्या फटीत शिरत होता. हे उलटं होतं. फटीतून वारा बाहेर यायला हवा होता. उजव्या डोळ्यातून ओघळणारं औषध टिपायला नर्सनं दिलेला कागदी रुमाल त्याच्या हातात होता. त्यानं त्याची बोटभर रुंद पट्टी फाडली, गुडघ्यांच्या विनवण्या करत खाली वाकला आणि पट्टी फटीपाशी धरली. ती दिसली कमी, बोटांना कळली जास्त. आधी थरथरली आणि मग चिमटीतून सुटायला बघत दाराखाली आत ओढली गेली.

बायको खाली खिडकीपाशी फॉर्म भरत होती म्हणून बरं, नाहीतर तिनं कपाळाला हात लावला असता. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी त्याची ही खोड गेली नव्हती. कुणाच्या घरी गेला, दुकानात गेला, लिफ्टपाशी उभा राहिला, की खिशातल्या तिकिटाची, पावतीची पट्टी काढून दाराच्या फटीला लावायचा. "देवाच्या दारात गेलात तरी आधी फटीला कागद लावाल, आणि मग त्यालाच सांगाल की तुझं काहीतरी गळतंय," असं ती म्हणायची. औषधाच्या कारखान्यात त्याचं कामच ते होतं. इंजेक्शनच्या बाटल्या जिथे भरतात त्या खोलीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा जरा जोरात ठेवायची. म्हणजे दार उघडलं की आतली हवा बाहेर जाते आणि बाहेरची धूळ, जंतू बाहेरच राहतात. झालं, एवढंच शास्त्र, बाकी सगळी निस्तरणी. हवा आत टाकायची किती, ओढायची किती, छतातल्या झडपा केसाएवढ्या फिरवायच्या, आणि भिंतीवरचं गेज पंधरा पास्कलवर आणून ठेवायचं. पंधरा पास्कल म्हणजे किती, तर पाण्याची पातळी दीड मिलिमीटर चढेल एवढा दाब. या दीड मिलिमीटरवर त्यानं घर चालवलं आणि दोन पोरं शिकवली. माणूस बाकी साधाच होता, पण या एका गोष्टीत त्याला आपल्यापुढे कुणी दिसत नसे.

आता समोरच्या दाराशेजारी भिंतीवर एक गेज होतं एवढं त्याला समजत होतं, कारण एक पांढरा गोल तिथे चकाकत होता. काटा कुठे आहे ते दिसेना. उजव्या डोळ्याची बाहुली औषधानं फाकलेली, डाव्यात मोतीबिंदू आधीपासूनच, त्यामुळे सगळं जग दुधात बुडवून काढल्यासारखं. असेल काहीतरी, त्यानं स्वतःला समजावलं, दार नीट लागलं नसेल, आपण आता पेशंट आहोत, गप बसावं. तेवढ्यात कॅनव्हासच्या बुटांचा आवाज झाला, एक पांढरी आकृती गेजपाशी थांबली, रजिस्टरचं पान उलटलं, आणि बाई स्वतःशीच म्हणाली, "बारा." पेन कागदावर चाललं.

"बाई, बारा नसणार," तो म्हणाला. त्याला राहवलंच नाही. "हा बघा कागद. आत जातोय."

पेन थांबलं. मग ती म्हणाली, "दादा? तुम्ही?"

चेहरा दिसायची सोय नव्हती, आणि तरी त्यानं आवाज ओळखला. त्याला 'दादा' म्हणणारे पुष्कळ होते, पण शेवटच्या 'दा'वर असा हलका टेकू देणारी एकच. दशांश. हे नाव त्यानंच पाडलेलं. बाकीचे ऑपरेटर गेज बघून डोळे झाकून पंधरा लिहायचे, आणि ही काट्याशी नाक नेऊन चौदा पूर्णांक सहा लिहायची. "अगं, सोनं तोलतेस की हवा?" त्यानं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं आणि ती म्हणाली होती, "जे दिसतं ते लिहायचं म्हणालात ना?" चोवीस वर्षांची पोर. बॉयलरवाल्यांची मुलगी. बॉयलरवाले म्हणजे कारखान्यात तीस वर्षं वाफ सांभाळणारे, कमी बोलणारे गृहस्थ. स्वतः तिला हाताला धरून घेऊन आले होते आणि म्हणाले होते, "दादा, हिला तुमच्या हाताखाली टाकतो. चुकली तर कान पिळा." कान पिळायची वेळ कधी आलीच नाही. धुराची कांडी पेटवून फटीपाशी कशी धरायची, श्वास कसा रोखायचा, धुराकडे बघायचं आणि गेजकडे नाही, हे सगळं त्यानं शिकवलं आणि तिनं ते एकदा ऐकून उचललं. स्वतःच्या पोरांनाही त्यानं इतक्या हौसेनं काही शिकवलं नव्हतं.

"इथे कशी तू?" त्यानं विचारलं.

"थिएटरची इन्चार्ज आहे. साफसफाई, निर्जंतुकीकरण, रजिस्टरं, सगळं माझ्याकडे. नऊ वर्षं झाली. आधी कपडे धुण्याच्या खात्यात होते." ती त्याच्या शेजारी बाकाच्या कडेवर टेकली. साबणाचा आणि स्पिरिटचा वास आला. "तुम्ही बारीक झालात, दादा. वहिनी बऱ्या आहेत?"

ती अशी प्रेमानं विचारत होती हेच त्याला सोसेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं पट्टी पुढे केली आणि घाईघाईनं कामाचं बोलायला लागला, की बघ, वारा आत जातोय, हे थिएटर बाहेरची हवा पितंय, तुझ्या लक्षात नाही आलं? ती जरा हसली. "आलं की. तीन वर्षांपूर्वी छताचं काम झालं, तेव्हापासून हे दार आतून ओढल्यासारखं लागतं. पण गेज बारा दाखवतं. मग म्हटलं, मलाच वाटत असेल. मी आता गेज सांगतं ते लिहिते, दादा. आपल्याला दिसतं ते लिहायचं नाही, एवढं एकदा शिकले ते पुरे झालं."

छताचं काम. हे दोन शब्द त्याच्या अंगावरून पालीसारखे गेले. गेजला दोन बारीक नळ्या असतात. एक खोलीत उघडते, दुसरी बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये, आणि गेज त्या दोन्हींतला फरक दाखवतं. कारखान्यात कॉरिडॉरचं खोटं छत बदलायला काढलं तेव्हा ती बाहेरची नळी सुताराच्या आड येत होती, म्हणून त्यानं ती वर ओढून घेतली आणि छताच्या पोकळीत पिवळ्या टेपनं लोखंडी दांडीला बांधली. उद्या खाली आणू. मग उत्पादनवाले डोक्यावर बसले, खोली आजच्या आज पाहिजे म्हणून, आणि छत बंद झालं, आणि तो उद्या विसरला. छताच्या पोकळीतली हवा फुटक्या डक्टनं ओढून आधीच पातळ झालेली. तिच्याशी तुलना केली की कुठलीही खोली जोरदारच वाटणार. पुढे एक झडप सैल होऊन खोलीचा जोर गेला तरी गेज छातीठोकपणे पंधरा सांगत राहिलं. इतकी साधी चूक नवशिक्यानं केली असती तर त्यानं त्याला फाडून खाल्लं असतं. आणि एका सोमवारी सकाळी दशांशनं कांडी पेटवली, गेजच्या रकान्यात पंधरा लिहिलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'धूर आत गेला.'

तीन शब्द. पण बाहेरचे तपासनीस नेमके त्याच आठवड्यात आले आणि त्यांनी बोट ठेवलं ते तिथेच. बाटल्यांचा सगळा घाणा नष्ट करावा लागला. साहेबांना उत्तर हवं होतं, आणि सगळ्यांत स्वस्त उत्तर हे की गेज बरोबर आहे, पोरीनं न बघता काहीतरी खरडलं. खोटी नोंद! त्या धंद्यात माणसाचा हात चोरीत सापडला तर एक वेळ चालेल, पण खोटी नोंद केली म्हटलं की दुसरा कारखाना दारात उभा करत नाही. तिला घरी बसवलं आणि महिन्यानं चौकशी ठेवली. त्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तो एका गळक्या फिल्टरसाठी छतावर चढला, टॉर्च मारला, आणि समोर पिवळी टेप. गाठ त्याचीच. दोन वेढे देऊन टोक आत खोचायची त्याची सवय, अख्ख्या कारखान्यात दुसऱ्या कुणाची नाही. तो तिथे ओणवा किती वेळ होता कोण जाणे, खाली मशीन चालू होतं आणि त्याच्या तोंडात धूळ जात होती. मग त्यानं गाठ सोडली, नळी खाली आणून जागेवर बसवली, गेजचा काटा शून्याखाली पडलेला बघितला, सैल झडप आवळली, काटा पंधरावर आणला. वीस मिनिटांत सगळं जिथल्या तिथे. टेपचा बोळा खिशात घालून तो घरी गेला आणि जेवला.

का बोलला नाही? सोळा वर्षांत त्यानं या प्रश्नाला नाना उत्तरं देऊन पाहिली होती. पोरांची शिक्षणं होती. बाटल्या नष्टच झाल्या, म्हणजे कुणाचं काही बिघडलं नाही. ती तरुण आहे, तिला काय, दुसरं काम मिळेल. खरं उत्तर एवढंसंच होतं आणि त्याची त्याला लाज वाटायची. 'दादांनी हात लावला की बघायला नको' असं सगळे म्हणत, आणि हे त्याला फार आवडायचं. चौकशीत मोठ्या साहेबांनी विचारलं, "भिंतीवरच्या गेजबद्दल शंका आहे का?" आणि तो म्हणाला, "गेजचा दाखला चालू आहे, साहेब." यात एक अक्षर खोटं नव्हतं. टेबलाच्या पलीकडे ती बसली होती, तिनं त्याच्याकडे बघितलं आणि मान डोलावली, म्हणजे जणू त्यानं तिला गणितातली चूक दाखवून दिली. आणि याहून वाईट ते पुढेच झालं. दुपारच्या सुट्टीत नळावर डबा धुताना बॉयलरवाले त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "दादा, बाप म्हणून विचारतो. पोरीनं न बघता लिहिलं असेल का हो?" नळाचं पाणी वाहत होतं. तो म्हणाला, "वय लहान आहे. होतं असं." बॉयलरवाल्यांनी डबा पालथा घालून झटकला आणि गेले. त्यानंतर निवृत्तीपर्यंत ते जेवायला बॉयलरपाशीच बसायचे, एकटे.

थिएटरचं दार उघडलं. तोंडावर मास्क असलेल्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, पहिल्या पेशंटला आत घ्या म्हणाल्या. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी केव्हापासून माळ नसतानाही बोटं मोजत बसली होती. ती उठायला लागली. आता बोलायलाच हवं होतं. हवा आत ओढणाऱ्या खोलीत डोळा उघडा टाकणं म्हणजे काय, हे इथे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? एकदा आत जंतू गेला की डोळा जातो. त्यातला एक डोळा त्याचा होता, पण खरं सांगायचं तर त्या घटकेला त्याला आपल्या डोळ्याचं काही वाटलं नाही. तो उभा राहिला आणि सपाता सावरत म्हणाला, "डॉक्टर, आज ऑपरेशन करू नका. दाब उलटा आहे."

"आजोबा, घाबरलात का?" डॉक्टर हसून म्हणाल्या. "पाच मिनिटांचं काम."

"घाबरलो नाही हो. जन्मभर हेच काम केलंय. गेजची नळी चुकीच्या जागी असणार. छत उघडून बघा."

"मागच्या महिन्यात एजन्सीनं तपासून दाखला दिलाय," डॉक्टर म्हणाल्या. दाखला. हाच शब्द त्यानं चौकशीत पुढे केला होता. "आणि रोज दोनदा नोंद होते. बाई, आज किती आहे?"

"बारा, मॅडम," दशांश म्हणाली.

"बघा. आमच्या बाईंनी थांबा म्हटलं तर मी लगेच थांबेन, तो त्यांचा अधिकार आहे. पेशंटच्या सांगण्यावरून सोळा जणांना परत कसं पाठवू?" आणि म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "आजी, दोन मिनिटं बसा, मी हात धुऊन येते."

दोन मिनिटं. एवढ्यात काही युक्ती निघते का, हे त्यानं पाहिलं. त्याला लपवायचं होतं, अजूनही, सहासष्टाव्या वर्षी, फाकलेल्या डोळ्यानं, दुसऱ्याच्या सपाता घालून. तिला नुसतं म्हणावं, तू धीर धर, तू बघ. पण तिनं बघितलं होतंच की, तीन वर्षं रोज बघत होती. तिचे डोळे शाबूत होते. त्यांच्यावरचा विश्वास त्यानं काढून घेतला होता, आणि तो परत द्यायचा तर तो कुणी नेला हे सांगितल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"तुझा शेरा बरोबर होता," तो म्हणाला.

"कुठला शेरा?"

"धूर आत गेला होता. नळी मी वर बांधून ठेवली होती, छतात. विसरलो. गेज खोटं बोलत होतं, तू नाही."

तिचा चेहरा बघावा म्हणून त्यानं डोळे ताणले तर उजव्यातून पाणीच आलं, आणि ते औषधाचं की कसलं हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. आत कुठेतरी डॉक्टर हात धूत होत्या.

"तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

इथेही एक वाट होती. नंतर कळलं, रिटायर होताना कळलं. ओठांपर्यंत आलंही.

"चौकशीच्या आधी. आठवडाभर आधी."

ती उठली. त्याच्या हातातली पट्टी तिनं घेतली. तिची बोटं गार होती. खाली बसली, पट्टी फटीला धरली, उठली, दाराची दुसरी बाजू तपासली, वरच्या कोपऱ्यात स्टूल घेऊन चढली, तिथेही धरली. तो मनात म्हणत होता, श्वास रोख, गेजकडे बघू नको, आणि ती तसंच करत होती, सगळं जसंच्या तसं, सोळा वर्षांनी. मग तिनं रजिस्टर उघडून काहीतरी लिहिलं आणि आत गेली. दारामागून डॉक्टरांचा चढलेला आवाज आला, "अहो पण बाई, आत्ताच तर तुम्ही बारा म्हणालात!" आणि तिचा आवाज, न चढलेला, "ते गेजचं होतं, मॅडम. हे माझं आहे. छत उघडून तपासल्याशिवाय मी आत कुणाला सोडणार नाही." मग डॉक्टर म्हणाल्या, "ठीक आहे. सगळ्यांना पुढच्या तारखा द्या." त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं भिंतीला हात लावला. वाटलं, झालं, फिटलं. माणूस किती पटकन स्वतःला माफ करायला निघतो.

तिनं आधी म्हातारीला उठवलं, चपला दिल्या, जिन्यापर्यंत पोचवलं. मग बाकीचे पेशंट. तो सगळ्यांत शेवटी. तिनं त्याच्या मनगटावरची नावाची पट्टी कात्रीनं कापली, नवी तारीख लिहिलेला कागद हातात दिला, आणि म्हणाली, "डोळ्याला आज ऊन लागू देऊ नका. गाडी चालवू नका. जाताना कुणी सोबत आहे?"

"बायको आहे खाली." तो घुटमळला. "माझ्यामुळे तुझं सगळं..."

"बाबांना मी रोज सांगायचे," ती म्हणाली. आवाज कामाचाच होता, तारीख सांगताना होता तसा. "की बाबा, मी बघितलं होतं, धूर आतच जात होता. पहिली दोन वर्षं सांगत होते. ते म्हणायचे, पोरी, दादांना मी स्वतः विचारलं. दादा कशाला खोटं सांगतील? आता कबूल कर आणि मोकळी हो. मग एक दिवस मी कबूल केलं. म्हटलं, हो बाबा, न बघता लिहिलं. त्यांना फार बरं वाटलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आणि मग हळूहळू मलाही तसंच आठवायला लागलं, की मी कांडी पेटवलीच नव्हती."

"आणि आता... बाबा?"

"गेले. पाच वर्षं झाली."

त्याच्या हातात कागद होता, तो त्यानं उगाच उलटा केला, सुलटा केला. बोलण्यासारखं काही तरी असलंच पाहिजे असं त्याला वाटत होतं, जन्मभर प्रत्येक बिघाडावर त्याच्यापाशी काहीतरी असायचंच. "मी लिहून देतो," तो म्हणाला. "सगळं. कसं झालं, कधी झालं, सही करून. आजच देतो."

"कुणाला?" तिनं विचारलं.

रागानं नाही, टोमणाही नाही. खरंच विचारलं, उत्तराची वाट बघत ती कात्री हातात धरून उभी राहिली. त्यानं आठवून पाहिलं. कारखाना विकून तिथे गोदामं झाली होती, मोठे साहेब कधीच गेले होते, आणि ज्या एका माणसाला हे वाचायला द्यायला हवं होतं त्याला त्यानं नळावर उभं राहून तोंडानंच उत्तर दिलं होतं. मग खालून बायकोची हाक आली, आणि तिनं त्याच्या कोपराला धरून त्याला जिन्याच्या पहिल्या पायरीवर नीट उभं केलं आणि कठडा हाताला दिला.

"सांभाळून उतरा, आजोबा," ती म्हणाली.